हिशेबाची वही आपण कधी लिहिणार?



आपल्या कवितेत शाळा पुष्कळ आहे. ओट्यावर बसवलेलं पोर आहे, वरून ओंजळीत ओतलेलं पाणी आहे. ते लिहिलं गेलं, बरंच झालं. पण त्या शाळेवर पैसा कुणाचा आणि तो कुणाच्या पोरावर खर्च झाला, हे आपली कविता विचारत नाही. माझीही नाही. अपमान आपण लिहिला, हिशेब सोडून दिला.

म्हणून बाबासाहेबांचं एक लिखाण वाङ्मय म्हणून वाचा, असं मी म्हणतो. २९ मे १९२८ ला बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे त्यांनी सायमन कमिशनला मुंबई इलाख्यातल्या अस्पृश्यांच्या शिक्षणाचं निवेदन दिलं. त्यात १८५६ सालचं धारवाडचं प्रकरण येतं. महाराच्या एका पोरानं सरकारी शाळेत प्रवेश मागितला. सरकार म्हणालं, या एकट्याला सवर्णांच्या पोरांत बसवलं तर शाळा बाकीच्यांच्या कामाची राहणार नाही. बाबासाहेब इथं गळा काढत नाहीत. सरकारचेच कागद एकापुढे एक ठेवतात. कागदच कबुली देतो. याला मी शैली म्हणतो.

जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनला हेच सांगितलं होतं: महसूल रयतेच्या घामाचा, शिक्षण वरच्यांच्या पोरांना. १२ मार्च १९२७ ला कौन्सिलात बाबासाहेबांनी आकडा टाकला: शिक्षणावर खर्च माणशी १४ आणे, दारूच्या अबकारीची वसुली माणशी दोन रुपयांच्या वर. या एका वाक्यापुढे माझ्या दहा कविता हलक्या पडतात.

१९७२ साली आपल्या पँथरनं अमेरिकेच्या ब्लॅक पँथरचं नाव घेतलं. नाव घेतलं, पण तिथल्या काळ्यांनी शाळेचा हिशेब कसा मागितला ते घेतलं नाही. दक्षिण कॅरोलायनात क्लॅरेंडन काउंटी आहे. तिथं १९४९-५० साली गोऱ्या पोरामागे १७९ डॉलर खर्च, काळ्या पोरामागे ४३. काळ्या आईबापांनी १९४७ मध्ये आधी मागितली ती फक्त शाळेची बस. त्या बसपासून निघालेली लढाई १९५४ च्या ब्राऊन खटल्यात पोचली, आणि वेगळ्या शाळा बेकायदा ठरल्या.

कुणी म्हणेल, ते जुनं झालं. डिसेंबर २०१७ मध्ये आपल्या राज्यानं दहाच्या आत पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करायचं ठरवलं. १८५६ ला एका पोरासाठी शाळा उघडत नव्हती, २०१७ ला नऊ पोरांसाठी चालवणं परवडत नव्हतं. तेव्हा जात सांगून नाही म्हणाले, आता आकडा सांगून. जव्हार-मोखाड्याचे पाडे विखुरलेले, तिथं पट कमीच असणार. शाळा उठली की चालायचं कुणी? वारल्या-कातकऱ्याच्या पोरानं. मग तेच पोर एक दिवस बोईसरला एमआयडीसीच्या गेटवर ठेकेदारापुढे उभं राहतं. माझ्या पाळीत अशी किती आहेत, ते मी रोज बघतो.

तेव्हा पुढच्या अंकाला कविता पाठवाल, तर सोबत आपल्या गावच्या शाळेचा पट, मास्तर किती, पैसा किती आला, तेही पाठवा. २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. अर्जाला दहा रुपये लागतात. ते नसतील, तर माझ्याकडून न्या.

जय भीम.