दीड ओळीचा वाढदिवस

मुळशी तालुक्यातल्या एका घरी तारेला लावून ठेवलेल्या पत्रांत हे कार्ड आहे. जुलै १९८३ चे, १५ पैशांचे. पाठवणारा मुंबईत डबेवाला. मुंबईचे बरेचसे डबेवाले मावळ, मुळशी, खेड भागातले. घर इकडे आणि पोट तिकडे, असा त्यांचा संसार. तारेचे भोक मजकुराच्या मधोमध पडले आहे, तरी अक्षर स्वच्छ लागते.

मायना वडिलांना, ‘ति. आबांस शि. सा. न. वि. वि.’ पुढे: ‘मनिऑर्डर केली आहे, पोचल्याचे कळवा. लावणी कुठवर आली? आंबेमोहराची रोपे कमी पडल्यास मामांकडून आणावी. तांबडीला पेंड चालू असेल. गुरुवारी बाळाला सहावे लागते. ओवाळा, गोडाचे करा. पडवी गळत असल्यास कागद टाका.’

गाईची पेंड आणि गळकी पडवी यांच्यामध्ये पोराचा वाढदिवस! पहिल्या वाचनात हे कोरडे वाटते. पण वाक्ये नीट पाहा. ‘कुठवर आली’, ‘कमी पडल्यास’, ‘चालू असेल’, ‘गळत असल्यास’. ताम्हिणीकडचा पाऊस कोसळतो आहे आणि घरात काय चालले आहे ते या माणसाला मुंबईत बसून कळत नाही. सगळा मजकूर अंदाजाचा. घरातली एकच गोष्ट त्याला पक्की ठाऊक आहे: गुरुवार.

आणि ‘ओवाळा’ हे कुणाला? मायना आबांचा असला तरी निरांजन काही आबा हातात घेणार नाहीत. बायकोला वेगळे पत्र लिहिण्याची तिथे रीत नव्हती. कार्ड तर उघडे. वाटेत कुणीही वाचावे, घरी कुणा शिकलेल्या पोराने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावे. एवढ्या कानांमधून तिच्यापर्यंत जे पोचवता आले ते या एका शब्दात आहे. मला तर हे कार्ड तिलाच लिहिलेले वाटते.

सही झाल्यावर समासात, कार्ड आडवे धरून, आणखी एक ओळ कोंबली आहे: ‘पोराच्या मापाचा दोरा येणाऱ्याबरोबर द्या. सदरा घ्यायचा आहे.’ डबेवाले चैत्रात जत्रेला गावी येतात. तेव्हा पाहिलेला मुलगा आषाढापर्यंत किती वाढला असेल, याचा मात्र त्याला अंदाज करायचा नाही.