दत्तकाचा प्रश्न आणि मातेचे मौन

आपले जन्मदाते कोण, हा प्रश्न बहुतेक मनुष्यांस आयुष्यात विचारावाच लागत नाही. प्रश्न सुचण्यापूर्वीच त्याचे उत्तर त्यांच्या हाती असते. ज्यांच्या हाती ते नसते अशांनी प्रौढ वयात केलेल्या शोधाच्या हकीकती गेल्या काही दशकांत पाश्चात्य वाङ्मयात वाढत्या संख्येने प्रसिद्ध झाल्या आहेत. त्यांपैकी दोन लेखिकांच्या आत्मकथनांचा येथे विचार करावयाचा आहे. एक बार्सिलोनाची आशा मिरो, दुसरी इंग्लंडची जीनेट विंटरसन. पहिलीचा संबंध तर थेट आपल्या नाशिकशी येतो. या पुस्तकांना आम्ही एकच कसोटी लावणार आहोत. शोध करणाऱ्याची वेदना तर त्यांत असणारच. परंतु जिचा शोध चालला आहे, तिच्या मौनालाही लेखिकेने न्याय दिला आहे काय?

या प्रश्नाशी आपला परिचय वाटतो तितका जुना नाही. दत्तकविधान आपल्याकडे उघड्यावर होत असे. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. पण आपण कोणाच्या पोटी जन्मलो हे त्यास कधी शोधावे लागले नाही. देणारा, घेणारा आणि साक्षीदार असे सर्वच तेथे हजर असत. गुप्तता होती ती निराळ्या ठिकाणी. महात्मा फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते फसलेल्या विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावे व मूल जिवंत ठेवावे म्हणून. १८७५ साली पंढरपुरास याच हेतूने दुसरे गृह निघाले. त्या गुप्ततेची निंदा करण्यापूर्वी हे ध्यानात घेतले पाहिजे की, ती नसती तर पुष्कळ अर्भके जगलीच नसती. पण ज्या पडद्याने अर्भकाचे प्राण वाचविले, तोच पडदा पुढे प्रौढ मनुष्यासमोर भिंत होऊन उभा राहतो. या वाङ्मयातील खरा पेच तो हाच.

प्राचीनांना हा पेच ठाऊक होता. सोफोक्लिसचा ईडिपस आपल्या जन्माचा छडा लावू लागतो, तेव्हा योकास्ता त्याला पुढे न विचारण्याची विनवणी करते. तो ऐकत नाही, आणि उत्तराबरोबरच सर्वनाश हाती येतो. कर्णाचे उलट आहे. त्याने शोध केलेला नाही. सत्यच त्याच्याकडे चालत येते. कृष्ण त्याला पांडवांत ज्येष्ठत्व देऊ करतो. कर्ण सांगतो की, अधिरथाने माझे जातकर्म केले, राधेने मला दूध पाजले. त्यांना मी कसा टाकू? मग कुंती येते. तेव्हा तो तिला विचारतो की, मातेचे कर्तव्य तू केव्हा केलेस? ती आली आहे, पण उशिरा, आणि इतर पुत्रांच्या काळजीने. रवींद्रनाथांचा गोरा (१९१०) तर याहून पुढे जातो. कृष्णदयाळ त्याच्या आयरिश जन्मदात्याचे नाव सांगू लागतात, तेव्हा ते ऐकण्यासही तो नकार देतो आणि आनंदमयीच्या पायांशी परत येतो.

ईडिपस नाव मागतो, कर्ण नात्याचा मोबदला नाकारतो, गोरा नावच नाकारतो. तिघांच्याही कथांत मातेला मात्र आपली बाजू मांडावयास फारसा अवसर नाही. युद्धानंतर कुंतीने गुपित उघड केले, तेव्हा युधिष्ठिराने समस्त स्त्रीजातीस शाप दिला की, तुमच्या पोटी गुपित राहणार नाही. अविवाहित मातेला मौन पाळावयास लावणारे जग कोणते, हे त्या धर्मराजाच्याही मनात आले नाही.

आता आशा मिरो यांच्याकडे वळू. १९६७ साली नाशिक भागात जन्मलेली ही मुलगी अनाथाश्रमांत वाढली आणि १९७४ साली बार्सिलोनाच्या एका दांपत्याने तिला दत्तक घेतले. १९९५ साली ती प्रथम परत आली. त्या प्रवासातून निघालेले, 'गंगेची कन्या' अशा अर्थाच्या नावाचे तिचे कॅटलन पुस्तक २००३ साली प्रसिद्ध झाले. गंगा म्हणताच तिकडील वाचकाच्या डोळ्यांपुढे काशीचे घाट येत असतील. पण नाशिककर आपल्या गोदेलाच गंगा म्हणतो, हे आपण जाणतो. लेखिकेच्या कल्पनेपेक्षाही ते नाव खरे ठरले आहे.

या पुस्तकाची शैली साधी, क्वचित भाबडी आहे. दत्तक मातेच्या रोजनिशीतील उतारे त्यात गुंफले आहेत, हा मात्र मोठा गुण. त्यामुळे वाढविणारीचा आवाजही ऐकू येतो. परंतु या पुस्तकाचे खरे मोल पुढच्या, २००४ च्या पुस्तकामुळे कळते. २००३ साली लेखिका पुन्हा आली, तेव्हा जी जन्मकथा तिने जगापुढे मांडली होती ती अपुरी होती असे दिसून आले. तिला सख्खी बहीण भेटली. एवढेच नव्हे, तर ज्या 'आशा' या नावाने ती जगली ते मुळात त्या बहिणीचे होते. तिचे स्वतःचे नाव उषा. जन्मदाते स्वतः बोलण्याची वेळ निघून गेली होती. बोलले ते मागे राहिलेले आप्त. लेखिकेने पहिले पुस्तक झाकून न ठेवता त्याशेजारी दुसरे ठेवले, हा प्रामाणिकपणा आम्हांस मोलाचा वाटतो. दप्तरातील नोंद म्हणजे सत्य नव्हे, हे या दोन पुस्तकांइतके स्पष्ट क्वचितच दिसले असेल.

विंटरसनबाईंचे २०११ चे आत्मकथन कलादृष्ट्या अधिक समर्थ, आणि अधिक कठोर आहे. लँकेशायरमधील अ‍ॅक्रिंग्टन गावच्या कर्मठ धर्मपंथी घरात त्या वाढल्या. मुलीची पुस्तके जाळणारी अशी त्यांची दत्तक माता. पुढे कागदपत्रांच्या आणि कचेऱ्यांच्या फेऱ्यांतून जन्मदातीचा पत्ता लागतो. येथे सामान्य लेखकाने अश्रूंचा पूर आणला असता. विंटरसन तसे करीत नाहीत. जन्मदाती त्या दुसऱ्या बाईला नावे ठेवू लागते, तेव्हा मुलीला राग येतो आणि जिने छळले तिचीच ती बाजू घेते. कर्णाने राधेची बाजू घेतली ती राधेच्या मायेमुळे. येथे माया नसताही गाठ सुटत नाही. मनुष्यस्वभावाचे हे दर्शन खरोखर मार्मिक आहे. उणीव एवढीच की, लेखिकेच्या प्रखर व्यक्तिमत्त्वापुढे जन्मदाती फिकी राहते. तिने मूल का दिले हे आपल्याला कळते. त्यानंतरची वर्षे तिने कशी काढली, हे जाणण्याची उत्सुकता मात्र अपुरीच राहते.

कायद्याने या पेचाची दोन उत्तरे दिली आहेत. इंग्लंड व वेल्समध्ये १९७५ च्या कायद्याने सज्ञान दत्तकास आपली मूळ जन्मनोंद पाहण्याचा हक्क मिळाला. आपल्याकडील २०२२ ची दत्तक नियमावली शोधास वाव देते. पण तो हक्क जन्मदात्यांच्या खासगीपणावर आक्रमण करणारा नसावा, असे बंधनही घालते. युधिष्ठिराच्या शापाहून हे धोरण नक्कीच सुसंस्कृत आहे. तथापि, मातेला दिलेले अभय म्हणजे अपत्याला दिलेली जन्मठेप होऊ नये. आमच्या मते गुप्ततेस मुदत असावी. अपत्य सज्ञान झाल्यावर कोणी विश्वासू मध्यस्थाने तिच्या दाराशी हळूच जाऊन विचारावे, आणि 'नाही' म्हणण्याची मुभा तिला तरीही असावी. ती 'नाही' म्हणाली तरी आपल्याला कोणत्या परिस्थितीत दिले गेले, एवढे तरी नामनिर्देशावाचून अपत्यास कळावे. कारण ही पुस्तके वाचल्यावर असे दिसते की, शोधणाऱ्यास कूळ नको असते, वारसा नको असतो, 'का?' या एका प्रश्नाचे उत्तर हवे असते.

ते उत्तर कायदा पुरतेपणी देऊ शकणार नाही. बंद दारामागील स्त्रीच्या मनात शिरण्याचा अधिकार न्यायाधीशास नाही, लेखकास आहे. मिरोबाईंनी तो नम्रतेने वापरला, विंटरसनबाईंनी धैर्याने. या दोन्ही गुणांचा संगम ज्या ग्रंथात होईल, त्यात कुंतीला प्रथमच आपली हकीकत स्वतः सांगता येईल. आणि ती ऐकावयास कर्ण जिवंत असेल.