बेसबॉलचा उमेदवार: दोन अमेरिकन ग्रंथांचा परामर्श

ज्या मुलाचा एखादा गुण सोळाव्या-सतराव्या वर्षींच लोकांच्या डोळ्यांत भरतो, त्याच्याभोंवतीं कौतुक करणारे जमतात तसे गिऱ्हाइकहि जमतात; आणि ह्या दोहोंमधील भेद त्या मुलास तर कळत नाहींच, पण पुष्कळदां त्याच्या आईबापांसहि कळत नाहीं. अमेरिकेंतील कॉलेजांचे बेसबॉल-संघ दरसाल हायस्कुलांतून जीं मुलें हेरून नेतात त्यांची स्थिति अशीच असते. अशा उमेदवारास उपदेश करण्याचा हेतु मनांत नसतांहि जे दोन ग्रंथ त्यास पुष्कळ शिकवूं शकतील, त्यांचा परामर्श आम्ही येथें घेणार आहों. मायकेल लुइस यांचा ‘मनीबॉल’ हा २००३ सालचा ग्रंथ घडलेली हकीकत सांगतो. चॅड हार्बाक यांची ‘द आर्ट ऑफ फील्डिंग’ ही २०११ सालची कादंबरी कल्पित आहे. दोन्ही वाचनीय आहेत, दोहोंची वाखाणणीहि झाली आहे, आणि दोहोंत एकच वस्तु जवळजवळ अदृश्य राहिली आहे. ती म्हणजे कॉलेजांतील विद्या. ती कां अदृश्य राहिली, हाच आमच्या मतें ह्या विषयांतला खरा प्रश्न आहे.

ज्यांस हा खेळ दुरूनच ठाऊक आहे त्यांच्यासाठीं थोडी माहिती प्रथम दिली पाहिजे. दोन कॉलेजांमधील पहिला बेसबॉलचा सामना १ जुलै १८५९ रोजीं मॅसॅच्युसेट्समधील पिट्सफील्ड येथें अ‍ॅमहर्स्ट आणि विल्यम्स ह्या कॉलेजांच्या विद्यार्थ्यांत झाला, व अ‍ॅमहर्स्टनें तो ७३ विरुद्ध ३२ अशा धांवांनीं जिंकला. तेव्हां खेळणारे आधीं विद्यार्थी होते, मग खेळाडू. आज हा क्रम पुष्कळ अंशीं उलटला आहे. हायस्कूल संपतांच हुशार खेळाडूपुढें दोन वाटा येतात. धंदेवाईक संघांच्या वार्षिक निवडींत, जिला ‘ड्राफ्ट’ म्हणतात, त्याचें नांव निघालें तर करार करून तो पैसे घेऊं शकतो. अथवा तें नाकारून कॉलेजांत जाऊं शकतो. मात्र चार वर्षांच्या कॉलेजांत एकदां नांव घातलें म्हणजे तिसरें वर्ष पुरें होईपर्यंत किंवा वयाचीं एकवीस वर्षें भरेपर्यंत पहिली वाट बंद होते. दोन वर्षांच्या कॉलेजांस हें बंधन नाहीं. शिष्यवृत्तीची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. पहिल्या श्रेणीच्या कॉलेजांत साऱ्या संघास मिळून ११.७ शिष्यवृत्त्या देण्याची मर्यादा कित्येक वर्षें होती, व त्या पंचवीस-सत्तावीस मुलांत वांटल्या जात. म्हणजे ‘शिष्यवृत्ति मिळाली’ ह्या शब्दांचा अर्थ बहुधा ‘खर्चाचा कांहीं भाग सुटला’ एवढाच होई. २०२५ सालच्या न्यायालयीन तडजोडीनें, ती पत्करणाऱ्या कॉलेजांपुरती ही मर्यादा गेली, परंतु तिच्या जागीं संघांत सामान्यतः चौतीसच खेळाडू ठेवण्याची नवी मर्यादा आली. देणारा हात सैल झाला, तसें दारहि अरुंद झालें. तिसऱ्या श्रेणीचीं कॉलेजें तर खेळासाठीं शिष्यवृत्ति मुळींच देत नाहींत.

लुइस यांच्या ग्रंथाचा नायक बिली बीन यानें ह्या दोन वाटांपैकीं पैशाची वाट धरिली. १९८० सालीं न्यूयॉर्क मेट्स संघानें त्यास पहिल्याच फेरींत निवडलें. स्टॅनफर्ड विद्यापीठाची जागा सोडून त्यानें १,२५,००० डॉलर घेतले. पारखी मंडळी त्याच्या उंचीवर, धांवण्यावर, चेहऱ्यावर भाळली होती. पुढें १९८४ पासून १९८९ पर्यंत तो वरिष्ठ पातळीवर अवघे १४८ सामने खेळला, आणि १९९० सालीं आपण होऊन खेळ सोडून त्यानें ओकलंड संघाजवळ पारख्याची नोकरी मागितली. त्याच संघाचा सूत्रधार झाल्यावर त्यानें निवडीची रीतच फिरविली. हायस्कुलांतील देखणीं मुलें सोडून तो कॉलेजांतील खेळाडूंकडे वळला. कारण कॉलेजांत खेळाडू अधिक सामने खेळलेला असतो, बऱ्या प्रतिस्पर्ध्यांशीं खेळलेला असतो, आणि म्हणून त्याचे आंकडे अधिक विश्वसनीय असतात. २००२ सालीं अलाबामा विद्यापीठाच्या जेरेमी ब्राउन ह्या स्थूल देहाच्या कॅचरास ओकलंडनें पहिल्या फेरींत घेतलें, तें ३,५०,००० डॉलरांस, म्हणजे त्या जागेच्या मानानें फारच स्वस्तांत. ब्राउनचें कॉलेजांतील शेवटचें वर्ष संपलें होतें. ‘नाहीं तर मी परत कॉलेजांत जाईन’ असें म्हणण्याची सोय त्यास उरली नव्हती. पुढें २००६ सालीं तो वरिष्ठ पातळीवर पांच सामने खेळला. ग्रंथ तत्पूर्वींच संपला आहे.

लुइस यांची भाषा चपळ आहे, आणि बाजाराची नाडी त्यांस अचूक सांपडते. उमेदवारास ह्या ग्रंथापासून एक अमोल धडा मिळतो: आपली किंमत आणि आपली योग्यता ह्या दोन निराळ्या गोष्टी असून, किंमत ठरविणारा मनुष्य आपल्याकडे न पाहतां स्वतःच्या गरजेकडे पाहत असतो. पण ग्रंथकाराचा उणेपणाहि येथेंच आहे. बीन स्टॅनफर्डला गेला असता तर काय झाला असता, हा प्रश्न पानोपानीं घुटमळत असूनहि लुइस कॉलेजाच्या फाटकाच्या आंत पाऊल टाकीत नाहींत. त्यांच्या दृष्टीनें कॉलेज म्हणजे आंकडे पिकविणारें एक शेत. पीक ओकलंडला गेलें, शेताचें काय झालें याची विचारपूस नाहीं.

हार्बाक यांचा हेन्री स्क्रिमशँडर बीनच्या अगदीं उलट आहे. साउथ डकोटांतील लहानशा गांवचा, अंगानें किरकोळ, कोणत्याहि कॉलेजास नको असलेला. त्याची जागा शॉर्टस्टॉपची. म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या दरम्यान उभें राहून जमिनीवरून सुसाट येणारा चेंडू टिपावयाचा, आणि फलंदाज पोंचण्यापूर्वीं तो पहिल्या बेसवर फेंकावयाचा. हेन्रीस एवढी एकच विद्या येते. पण ती अशी येते कीं पीओरिया येथील एका स्पर्धेंत त्याचा सराव पाहून वेस्टिश कॉलेजचा विद्यार्थी माइक श्वार्ट्झ थक्क होतो, आणि त्यास आपल्या कॉलेजांत नेण्याचा चंग बांधतो. आरंभींचें हें प्रकरण आम्हांस साऱ्या कादंबरींत सरस वाटलें. आपणांस कोणी तरी पाहिलें, ह्या जाणिवेनेंच हेन्री इतका भरून जातो कीं तेथें काय शिकवितात हा प्रश्न त्याच्या मनांत दुय्यम ठरतो. निवडला जाण्याचा आनंद हाच उमेदवाराचा पहिला मोह होय, हें हार्बाक यांनीं उपदेशाचा एक शब्दहि न लिहितां दाखविलें आहे.

श्वार्ट्झ हा कॅचर व संघाचा आधारस्तंभ. तो हेन्रीस पहांटे उठवून स्टेडियमच्या पायऱ्या चढवितो, वजनें उचलावयास लावितो, त्याचें शरीर आणि दिनक्रम दोन्ही घडवितो. हें गुरुत्व खरें आहे, प्रेमहि खरें आहे. पण त्याच्या तळाशीं एक व्यवहार आहे, तो लेखकानें फार हळुवारपणें उघडा केला आहे. श्वार्ट्झचे गुडघे गेले आहेत, वेदना मारणाऱ्या गोळ्यांवर तो चालतो आहे, कायद्याच्या ज्या ज्या विद्यालयांकडे त्यानें अर्ज केले तेथून नकार आले आहेत. आपलें सारें भांडवल त्यानें दुसऱ्याच्या यशांत गुंतविलें आहे. शिष्याच्या फेंकीवर गुरूचें आयुष्य टांगलेलें असावें, ही स्थिति दोघांसहि घातक आहे.

आणि ती फेंक एके दिवशीं चुकते. हजारों वेळां बिनचूक गेलेला चेंडू भरकटून संघाच्या बैठकींत बसलेल्या ओवेन डन ह्या हेन्रीच्याच खोलीसोबत्याच्या तोंडावर बसतो. त्यानंतर हेन्री फेंकण्यापूर्वीं क्षणभर थबकूं लागतो, आणि त्या क्षणांत सर्वस्व हरवितो. ही कवीची कल्पना नव्हे. पिट्सबर्गचा स्टीव्ह ब्लास ह्या गोलंदाजानें १९७१ सालीं ‘वर्ल्ड सीरीज’मध्यें दोन सामने जिंकून दिले, आणि १९७३ सालीं कोणतीहि दुखापत नसतां चेंडूवरील ताबा तो गमावून बसला, त्या व्याधीस अमेरिकेंत त्याचेंच नांव पडलें आहे. जी कृति शरीर आपोआप करितें तींत मन डोकावूं लागलें म्हणजे काय होतें, याचें हार्बाक यांनीं केलेलें वर्णन मानसशास्त्राच्या ग्रंथांसहि हेवा वाटावा असें आहे. पुढें हेन्री भर सामन्यांतून निघून जातो, अन्न टाकितो, लोकांची दृष्टि चुकवितो. चेंडू सुटला आणि मनुष्यच नाहींसा झाला.

नेमक्या ह्या ठिकाणीं आमचा ह्या कादंबरीवर आक्षेप आहे. हेन्री तीन वर्षें कॉलेजांत आहे. त्याचें मन ज्या एका पुस्तकाशीं जडलें आहे तें कल्पित शॉर्टस्टॉप अपारिसिओ रॉड्रिग्ज याचें क्षेत्ररक्षणावरील सूत्रांचें पुस्तक, आणि तें तो घरूनच घेऊन आलेला. वेस्टिशच्या आवारांत हर्मन मेल्व्हिलचा पुतळा आहे, संघाचें नांव देवमासे मारणाऱ्या भालाइतांवरून पडलें आहे, कॉलेजचे प्रमुख अफेनलाइट हे मेल्व्हिलचे व्यासंगी विद्वान् आहेत. परंतु ह्या साऱ्या विद्वत्तेचा एक कवडसाहि हेन्रीच्या अंधारांत पडत नाहीं. अफेनलाइट यांच्या प्रेमप्रकरणास लेखकानें विपुल जागा दिली, पण विद्येच्या नात्यानें ह्या दोघांची गांठ पडूं दिली नाहीं. कोणी म्हणेल, कादंबरी म्हणजे कॉलेजचें माहितीपत्रक नव्हे. मान्य. पण खेळ गेल्यावर ह्या मुलाजवळ काय उरतें, हा प्रश्न लेखकानेंच उभा केला आहे. त्याचें उत्तर मात्र तो अजिंक्यपदाच्या सामन्यांत हेन्रीस परत आणून, भरवेगाचा चेंडू त्याच्या डोक्यावर झेलावयास लावून देतो. आत्मबलिदानानें विजय मिळतो, डोळ्यांत पाणी येतें. परंतु प्रश्न जेथल्या तेथें राहतो. गुरुशिष्य शेवटीं पुन्हां मैदानावरच उभे आहेत.

हें न्यून एकट्या हार्बाक यांचें असतें तर आम्ही इतकें लिहिलें नसतें. तें ज्या संस्थेचें चित्र ते काढीत आहेत तिचें आहे. १९५५ सालीं कोलोरॅडोंतील एका कॉलेजचा फुटबॉल खेळाडू सामन्यांत डोक्यास मार लागून मरण पावला; त्याच्या विधवेनें कामगारास मिळते तशी भरपाई मागितली, आणि १९५७ सालीं त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें ती नाकारली. खेळाडू हा कॉलेजचा नोकर ठरूं नये, ह्या चिंतेंतूनच त्या काळीं कॉलेजांच्या क्रीडासंघटनेनें ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा जोडशब्द रूढ केला. संघटनेचे त्या वेळचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीं पुढें १९९५ सालीं आपल्या पुस्तकांत तें मोकळेपणानें लिहून ठेविलें. म्हणजे ह्या समासांतील ‘विद्यार्थी’ हें पद विद्येच्या आदरानें आलेलें नाहीं, देणें टाळण्यासाठीं आलेलें आहे. २०२१ पासून खेळाडूंस आपल्या नांवाचा मोबदला घेण्याची मोकळीक मिळाली, व २०२५ पासून कॉलेजेंहि त्यांस प्रत्यक्ष पैसे देऊं लागलीं. ही सुधारणा न्याय्यच आहे. परंतु जुन्या समासांतील दुसऱ्या पदास त्याचें वेतन मिळूं लागलें, एवढ्यानें पहिल्या पदास अर्थ येत नाहीं.

तो अर्थ उमेदवारानें स्वतःच घातला पाहिजे. त्यानें लुइस यांच्यापासून बाजार ओळखावयास शिकावें, हार्बाक यांच्यापासून स्वतःचें मन ओळखावयास शिकावें, आणि जो प्रश्न दोघांनींहि सोडला तो, त्यास न्यावयास आलेल्या गृहस्थास, सही करण्यापूर्वीं, विचारावा: माझा खांदा उद्यां निकामी झाला तर ह्या कॉलेजांत मी कोण असेन? गृहस्थ जर शिष्यवृत्तीचे आंकडे सांगूं लागला तर ते लिहून घ्यावे; मैदान दाखवूं लागला तर तें पाहावें; आणि मग ग्रंथालय कोठें आहे तें विचारून, एकट्यानेंच तिकडे जाऊन यावें.