‘रंप’ पार्लमेंटचे पतन : कारणमीमांसेची फेरतपासणी

२० एप्रिल १६५३ या दिवसाचे वर्णन इंग्लंडच्या इतिहासग्रंथांतून बहुधा एखाद्या नाट्यप्रवेशासारखे येते. साध्या काळ्या वेषातील क्रॉमवेल सभागृहात येऊन बसतो, काही वेळ चर्चा ऐकतो, मग उठून सभासदांची निर्भर्त्सना करतो. बंदूकधारी शिपाई आत येतात आणि सभापती लेंथॉल यांस आसनावरून उतरविले जाते. या चित्राच्या ठसठशीतपणामुळे त्यामागील मूळ प्रश्न मात्र झाकला जातो. ज्या सैन्याने ६ डिसेंबर १६४८ रोजी कर्नल प्राइड याच्या हातून सभागृहाची छाटणी करून हे अवशिष्ट पार्लमेंट निर्माण केले, त्याच सैन्याने साडेचार वर्षांच्या आत ते का मोडावे?

या प्रश्नाला पहिले उत्तर दिले ते खुद्द सेनाधिकाऱ्यांनी. सभासद भ्रष्ट व स्वार्थी झाले होते आणि विचाराधीन निवडणूक-विधेयकाद्वारे आपल्या जागा कायम राखून केवळ रिकाम्या जागा भरण्याचा त्यांचा डाव होता, असे त्यांचे म्हणणे. गार्डिनरसारख्या साक्षेपी इतिहासकारानेही हा वृत्तांत सामान्यतः ग्राह्य धरला. विरोधी पक्षाने दिलेले उत्तर याच्या उलट, परंतु तितकेच सोपे आहे: सारा दोष क्रॉमवेलच्या महत्त्वाकांक्षेचा. दोन्ही उत्तरे व्यक्तींच्या नीतिमत्तेपाशी येऊन थांबतात, आणि हीच त्यांची मर्यादा होय.

ब्लेअर वर्डन यांच्या १९७४ च्या ग्रंथाने या मीमांसेला वेगळे वळण दिले. क्रॉमवेलने उचलून नेलेले ते विधेयक आज उपलब्ध नाही. परंतु सभागृहाच्या कामकाजाची नोंद व तत्कालीन पत्रव्यवहार तपासून वर्डन यांनी असे दाखविले की, त्यात संपूर्णतः नव्या निवडणुकीचीच तरतूद असली पाहिजे. हे मान्य केले म्हणजे प्रश्न उलटा होतो. सभागृह सत्ता सोडीत नव्हते म्हणून नव्हे, तर ते सत्ता मतदारांच्या हाती सोपवीत होते म्हणून सैन्य बिथरले, असे म्हणावे लागते. ऑस्टिन वुलरिच यांनी १९८२ मध्ये यात एक महत्त्वाची भर घातली. नव्या सभासदांची पात्रता कोणी तपासावयाची, हा त्यांच्या मते कळीचा मुद्दा होता.

पुढील घटना या मताला पुष्टी देतात. ऑगस्ट १६५२ च्या अर्जातच सेनाधिकाऱ्यांनी अशी मागणी केली होती की, धर्मनिष्ठ व प्रजासत्ताकाशी एकनिष्ठ अशीच माणसे निवडून येतील अशा पात्रतेच्या अटी ठरवाव्यात. डिसेंबर १६५३ मध्ये सैन्याने स्वतःची राज्यघटना केली तेव्हा ही तपासणी कौन्सिलकडे सोपविली, आणि १६५६ मध्ये त्या अधिकाराच्या बळावर सुमारे १०० निर्वाचित सभासदांना सभागृहाबाहेर ठेवण्यात आले. १६५३ च्या विधेयकात कोणती उणीव सैन्याला खुपली, हे यावरून पुरेसे स्पष्ट होते.

तथापि एवढ्याने सैन्याच्या विरोधाचा पूर्ण उलगडा होत नाही. विधेयक हे निमित्त झाले. असंतोष जुना होता. सप्टेंबर १६५० मध्ये डनबारच्या विजयानंतर क्रॉमवेलने सभापतींना धाडलेल्या पत्रातच पीडितांना दिलासा देण्याची विनंती होती. ३ सप्टेंबर १६५१ रोजी वूस्टर येथे राजपक्षाचा अखेरचा पराभव झाला आणि सुधारणा लांबणीवर टाकण्यास युद्धाचे कारण उरले नाही. सभागृहाने काहीच केले नाही असे नव्हे. सक्तीच्या चर्च-उपस्थितीचा कायदा १६५० मध्ये रद्द झाला, न्यायालयीन कामकाज इंग्रजीत आणण्याचा कायदाही त्याच वर्षी झाला, आणि १६५२ च्या आरंभी मॅथ्यू हेल यांच्या नेतृत्वाखाली कायदासुधारणेसाठी आयोग नेमला गेला. परंतु आयोगाचे प्रस्ताव सभागृहात रखडले; जमिनीवरील ‘बोजा’ या एका शब्दाच्या अर्थावर तीन महिन्यांहून अधिक काळ खल चालला, असे क्रॉमवेलने पुढे उपहासाने सांगितले. धर्मोपदेशकांच्या निर्वाहासाठी घेतला जाणारा दशांश कर कायम राहिला. वेल्समधील धर्मप्रसाराच्या आयोगाची मुदत १६५३ च्या वसंतात संपली तेव्हा ती वाढविण्यास सभागृहाने नकार दिला. मेजर-जनरल हॅरिसन व त्याच्या सहकाऱ्यांना हा आघात जिव्हारी लागला. याच सुमारास डच युद्धाचा खर्च आणि सैन्यनिर्वाहाच्या मासिक कराचा बोजा यांमुळे सैन्यसंख्या घटविण्याची भाषा सभागृहात ऐकू येऊ लागली होती.

ही मंदगती केवळ आळसाची नव्हती. डेव्हिड अंडरडाउन यांनी १९७१ मध्ये दाखविल्याप्रमाणे, छाटणीनंतर जे सभासद फेब्रुवारी १६४९ पासून सभागृहात परतले, त्यांपैकी पुष्कळांना राजवध मुळीच मान्य नव्हता. ते आले ते जमीनदारी, कायदा व चर्च यांची घडी अधिक विसकटू नये म्हणून. म्हणजे ज्या सभागृहाला क्रांतिकारक म्हटले जाते, त्यातील बहुमत क्रांतीला आवर घालणारे होते. उलट सैन्याने जून १६४७ मध्येच जाहीर केले होते की, आपण कोणाच्या मर्जीने लढणारे भाडोत्री लोक नसून जनतेच्या हक्कांसाठी शस्त्र धरलेले नागरिक आहोत. अशा सैन्याने केवळ आज्ञाधारक राहावे, ही अपेक्षा व्यर्थ होती.

परंतु सैन्याच्या भूमिकेतील विसंगतीही तितकीच गंभीर आहे. ज्या जनतेच्या नावाने ते बोलत होते, तिला मुक्त मतदान मिळाले असते तर राजपक्षाचे व प्रेस्बिटेरियन पंथाचे लोक मोठ्या संख्येने निवडून आले असते, हे अधिकारी जाणून होते. म्हणूनच १९ एप्रिलच्या बैठकीत त्यांनी निवडणुकीऐवजी सुमारे ४० विश्वासू माणसांच्या हंगामी मंडळाची योजना पुढे केली. सभासद विधेयक थांबवितील अशी त्यांची समजूत झाली होती. दुसऱ्या दिवशी सभागृह ते घाईने पुढे नेऊ लागले आणि शिपाई बोलावले गेले.

तात्पर्य, सभागृहाला निर्वाचनाचा आधार हवा होता, पण सुधारणा नको होत्या. सैन्याला सुधारणा हव्या होत्या, पण निर्वाचक नको होते. १६४८ च्या छाटणीने या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडल्या, आणि तो सांधा पुढे कोणालाच जुळविता आला नाही. नियुक्त सभा डिसेंबर १६५३ मध्येच संपली. मे १६५९ मध्ये सैन्याने हेच ‘रंप’ परत बोलाविले, ऑक्टोबरात पुन्हा हाकलले आणि डिसेंबरात त्याला पुन्हा आसनस्थ व्हावे लागले. १६६० मध्ये राजा परतला. २० एप्रिल १६५३ ची घटना म्हणून एका माणसाच्या संतापाची कथा नव्हे. शस्त्राच्या आधाराने उभ्या राहिलेल्या प्रतिनिधिसभेला त्या शस्त्रापासून स्वतंत्र होण्याचा मार्ग सापडू नये, याची ती परिणती होय.