बेलापूरचे आर्टिस्ट्स व्हिलेज : गृहरचनेतील अपयशाच्या स्वीकाराची चिकित्सा

प्रस्तावना

तंत्रज्ञानाच्या अध्यापनात ‘अपयश ही यशाची पहिली पायरी’ हे वचन वारंवार उद्धृत केले जाते. परंतु त्या पायरीची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न क्वचितच उपस्थित होतो. प्रयोगशाळेत फसलेली प्रतिकृती बाजूला ठेवता येते, माणसे राहत असलेले घर तसे ठेवता येत नाही. या दृष्टीने नवी मुंबईचे उदाहरण उद्बोधक आहे. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने येथे संपूर्ण शहर नव्याने उभारण्याचे काम हाती घेतले. त्याच प्रयत्नात १९८३ ते १९८६ या काळात चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्यानुसार बेलापूर येथे आर्टिस्ट्स व्हिलेज ही वसाहत आकारास आली.

रचनेचे स्वरूप

सुमारे ८ मीटर लांबी-रुंदीच्या अंगणाभोवती सात घरे आणि अशा तीन समूहांमध्ये एक मोठे अंगण, अशी या वसाहतीची चढती मांडणी आहे. भूखंड साधारणतः ४५ ते ७५ चौरस मीटरचे असल्याने लहान व मोठ्या घरांतील अंतर मर्यादित राहिले. शेजारच्या घराशी सामाईक भिंत नाही. बांधकाम सामान्य गवंड्याला जमेल असे. प्रत्येक कुटुंबाने ऐपतीनुसार घर वाढवावे, ही अपेक्षा मूळ आराखड्यातच अंतर्भूत होती. टप्प्याटप्प्याने होणारी वाढ, समता आणि आकाशाखालची मोकळी जागा ही तत्त्वे कोरिया यांनी ‘द न्यू लँडस्केप’ (१९८५) या ग्रंथात प्रतिपादिली आहेत.

मूल्यमापन

पुढील दशकांत अनेक मूळ घरे पाडली गेली. उतरत्या कौलारू छपरांच्या जागी सिमेंट काँक्रीटच्या बहुमजली इमारती आल्या. कोरिया यांच्या घराचा नमुना टिकून राहणे हाच निकष मानला, तर प्रयोग फसला असे म्हणावे लागेल. तथापि हा निकष अपुरा आहे. घरे बदलली तरी अंगणे व त्यांची मांडणी बऱ्याच अंशी टिकून राहिली. सामाईक भिंत नसल्यामुळे एकाने घर पाडले तरी शेजाऱ्याच्या भिंतीला धक्का लागला नाही. काय बदलू द्यायचे आणि काय टिकवायचे, याचा विवेक रचनेतच होता.

याउलट वाशीतील सिडकोच्याच जे.एन. प्रकारच्या इमारतींचा अनुभव पाहावा. तेथे छताचे गिलावे कोसळू लागले, इमारती धोकादायक ठरल्या. परंतु एकाचे छत ही दुसऱ्याची जमीन असल्याने कोणत्याही कुटुंबाला एकट्याने उपाय करणे शक्य नव्हते. पुनर्विकासाचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला आणि जोखीम रहिवाशांनी सोसली. या बांधकामाला प्रयोगाचे नावही नव्हते. तरी अपयशाची शक्यता गृहीत न धरलेली रचना किती महाग पडते, हे त्यातून स्पष्ट होते.

मर्यादा

आर्टिस्ट्स व्हिलेजची रचना निर्दोष होती असा याचा अर्थ नाही. भूखंडांतील समता मजल्यांच्या उंचीत टिकली नाही. ज्याची ऐपत अधिक, त्याचे घर उंच झाले आणि शेजारच्या बैठ्या घराचा उजेड-वारा अडला. वाढीला मुभा देणाऱ्या रचनेने वाढीची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे आखणे आवश्यक होते.

दुसरी उणीव प्रयोगाच्या उत्तरार्धाशी संबंधित आहे. पेरूची राजधानी लिमा येथील ‘प्रेव्ही’ प्रकल्पात कोरियांसह अनेक देशांतील वास्तुरचनाकारांचे नमुने एकाच वसाहतीत बांधले गेले. त्यांची तुलना करून पुढे मोठ्या प्रमाणावर घरे बांधण्याचा हेतू होता. तो टप्पा आलाच नाही. बेलापूरची अंगणमांडणीही नवी मुंबईच्या गृहनिर्माणाचा सर्वसाधारण नियम बनली नाही. शहर प्रामुख्याने बहुमजली सदनिकांनीच भरले. अपयशापासून शिकायचे, तर ते शिक्षण पुढील आराखड्यात उतरावे लागते.

समारोप

अपयशाचा स्वीकार ही केवळ मनोवृत्ती नसून रचनेची जबाबदारी आहे. चूक लहान राहील, ती ज्याची त्याला दुरुस्त करता येईल आणि तिचा भार दुर्बलांवर पडणार नाही, अशी तरतूद करणाऱ्या रचनाकारालाच अपयशाचे समर्थन करण्याचा अधिकार पोहोचतो. नवी मुंबईतील अभियांत्रिकी, वास्तुकला व समाजशास्त्र विभागांनी आर्टिस्ट्स व्हिलेजमधील घराघरांतील बदलांची संयुक्त पाहणी हाती घेतल्यास विद्यार्थ्यांना या तत्त्वाचा पडताळा वर्गाबाहेर, प्रत्यक्ष अंगणात घेता येईल.