टोपली आणि काचेची पेटी

कवितेची समीक्षा करताना आपण विचारतो की हे शब्द कोणाचे आहेत, ते कोणाला उद्देशून आहेत आणि त्यांत कोण गैरहजर आहे. हेच प्रश्न शासनाच्या नियमांना आणि त्या नियमांवर लोकांनी दिलेल्या उत्तरांना विचारले पाहिजेत. साप पाळण्याविषयीचे नियम या दृष्टीने वाचण्यासारखे आहेत.

अमेरिकेत हौसेने अजगर पाळणाऱ्यांचा मोठा वर्ग आहे. फ्लॉरिडातील एव्हरग्लेड्सच्या दलदलीत पाळणाऱ्यांकडून सुटलेले आणि सोडून दिलेले बर्मी अजगर वाढले. त्यांनी तेथील ससे, रॅकून यांचा फडशा पाडला. तेव्हा 1900 च्या लेसी कायद्याखाली नऊ जातींच्या मोठ्या सापांची आयात आणि राज्याराज्यांतील वाहतूक बंद करण्याचा प्रस्ताव तेथील केंद्र शासनाने 2010 साली प्रसिद्ध केला व हरकती मागवल्या. पाळणाऱ्यांनी उत्तर दिले. हे साप दक्षिण फ्लॉरिडाबाहेरच्या थंडीत तगणार नाहीत, मग बंदी सबंध देशाला कशासाठी? पैदास करून पोट भरणाऱ्यांनी काय करायचे? 2012 साली चार आणि 2015 साली आणखी चार जातींवर बंदी आली. नववी जात, बोआ कन्स्ट्रिक्टर, वगळली गेली. पाळणाऱ्यांची संघटना न्यायालयातही गेली. मुख्य भूमीवरील राज्याराज्यांतील वाहतूक या कायद्याने रोखता येत नाही, असा निर्णय तिने 2017 साली अपील न्यायालयातून मिळवला.

या हरकतींत आपले कोणी ऐकेल की नाही, ही शंकाच नाही. मालकी, व्यवसाय, शास्त्रीय पुरावा ही शासनाचीच भाषा आहे आणि ती बोलणारा वर्ग शासनाला ओळखीचा आहे. याबद्दल तक्रार नाही. लोकशाहीत असेच घडले पाहिजे. प्रश्न एवढाच की ते कोणाच्या बाबतीत घडते?

आपल्याकडे पाहा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांनी गारुड्याची टोपली गुन्ह्याचा पुरावा बनली. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत गारुडी हे नाव आहे, पण यादीत नाव असणे आणि मसुद्यावर मत असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पालावर राहणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या माणसाकडे कायदा मसुदा म्हणून येत नाही. तो शिपायाच्या रूपाने येतो. माझ्या घरात पहिला अर्ज मी लिहिला. त्यामुळे कोरा कागद आणि सरकारी टेबल यांच्यातील अंतर किती असते हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

याच देशात शहरातल्या दिवाणखान्यात काचेच्या पेटीत बॉल पायथन हा आफ्रिकी अजगर पाळला जातो. जून 2020 मध्ये केंद्र शासनाने अशा परदेशी प्राण्यांच्या मालकांना कळवले की सहा महिन्यांत स्वतःहून माहिती द्या, प्राणी कोठून आणला याचे कागद मागितले जाणार नाहीत. 2024 च्या नियमांनी नोंदणीसाठी पुन्हा सहा महिने दिले. एकाला मुदत मिळाली, दुसऱ्याला जप्ती. टोपलीतला नाग रानातून पकडलेला देशी साप आहे, पेटीतला अजगर परका आहे, हा भेद शास्त्राला धरून आहे हे खरे. पण मुदत सापाला द्यायची नसते, माणसाला द्यायची असते.

यावर कोणी म्हणेल की गारुडी नागाचे दात उपटतो, त्याला उपाशी ठेवतो. हे खरे आहे आणि ते थांबलेच पाहिजे. जातीने गळ्यात बांधलेल्या धंद्याचे पोवाडे गाणे हे आपले काम नव्हे. वतनाच्या गुलामीविरुद्ध 1928 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात विधेयक मांडणाऱ्या बाबासाहेबांनी आपल्याला तो मोह शिकवलेला नाही. मात्र त्या विधेयकाची मागणी वतनात भरडल्या गेलेल्यांच्या बाजूने आली होती. धंदा सुटावा; पण सुटणाऱ्याने पुढे काय खायचे, या चर्चेत त्याला जागा हवी.

जागा मिळाली तर काय होते हे तामिळनाडूतील इरुळा आदिवासींनी दाखवले आहे. 1976 साली सापाच्या कातड्याची निर्यात बंद झाली आणि त्यांची रोजी गेली. 1978 साली त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. परवान्याने साप धरायचा, विष काढायचे आणि साप पुन्हा रानात सोडायचा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या या विषापासून बनलेली लस शेतात राबणाऱ्यांचे प्राण वाचवते.

आणि आता वर्तुळ कसे पुरे होते पाहा. फ्लॉरिडात 2016 च्या अजगर पकडण्याच्या स्पर्धेत हजाराहून अधिक शिकारी उतरले आणि महिनाभरात 106 अजगर सापडले. पुढच्या वर्षी तेथील शासनाने मासी सडैयन आणि वडिवेल गोपाल या दोन इरुळांना बोलावून घेतले. दोन आठवड्यांच्या आत त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी 13 अजगर धरले. जबाबदार म्हणवणाऱ्या मालकांच्या हौसेने केलेला पसारा आवरायला निरक्षर मानलेल्यांचे ज्ञान लागले. 2023 साली दोघांना पद्मश्री मिळाली.

या सन्मानाचा आनंद आहे. पण सन्मान देणारा वर असतो आणि घेणारा खाली. हक्काचे तसे नाही. आपल्या प्रस्थापित साहित्यानेही गारुड्याला असेच वागवले. जत्रेच्या वर्णनात त्याची पुंगी वाजली, पण त्याचे म्हणणे कथेत आले नाही. पदक देण्याआधी मसुदा त्याच्या पालावर, त्याच्या भाषेत वाचून दाखवा आणि तो काय म्हणतो ते लिहून घ्या. त्या उत्तरात व्याकरणाच्या चुका असतील. ते वाचण्याची तयारी शासनाने ठेवावी, आणि आपण समीक्षकांनीही.