वाळवंटातील विमाने आणि जीर्णोद्धाराची मर्यादा

जीर्णोद्धार हा शब्द मराठीत मुख्यतः देवालयांच्या संदर्भात वापरला जातो आणि त्यात एक गोष्ट गृहीत असते: वास्तू पुन्हा उपयोगात आणावयाची असते. म्हणूनच झिजलेला दगड काढून त्याच्या जागी नवा बसविण्यात कोणास अपराध वाटत नाही. संग्रहालयातील वस्तूविषयीची अपेक्षा नेमकी याच्या उलट आहे. तेथे वस्तू पुरावा म्हणून ठेवलेली असते, आणि पुराव्यात भर घालणे हा दोष ठरतो. वाळवंटात टाकून दिलेली लष्करी विमाने शोधून ती पुन्हा उभी करण्याचा जो उद्योग गेल्या अर्धशतकात पाश्चात्य देशांत वाढीस लागला, त्याची स्तुती करणारे आणि त्यावर टीका करणारे असे दोघेही या दोन अपेक्षांची गल्लत करतात. ही गल्लत दूर केल्याखेरीज त्या उद्योगाचे मूल्यमापन शक्य नाही.

कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंटात चायना लेक येथे अमेरिकेच्या नौदलाने १९४३ मध्ये शस्त्रास्त्रांच्या चाचणीचे केंद्र स्थापन केले. सेवेतून निवृत्त झालेली अनेक बी-२९ बाँबफेकी विमाने १९५० नंतरच्या दशकात तेथे नेण्यात आली, ती चाचण्यांत लक्ष्य म्हणून वापरण्यासाठी. या जातीची सुमारे ३,९७० विमाने बांधली गेली होती. पंखांचा विस्तार १४१ फूट, प्रत्येकी १८ सिलिंडरांची चार इंजिने, असे हे अजस्र यंत्र. बहुतेक विमाने वितळवून त्यांचे अॅल्युमिनियम करण्यात आले. जी नाशासाठी म्हणून वाळवंटात नेली, त्यांतील काही मात्र वाचली. कोरड्या हवेत धातू सावकाश गंजतो, आणि चाचणीक्षेत्रात भंगारवाल्यांना मज्जाव होता. उन्हाने रबर, रंग व काचेसारखे पारदर्शक भाग खाल्ले, परंतु सांगाडा टिकला.

या क्षेत्रातून बाहेर आलेली तीन विमाने विशेष विचारात घेण्याजोगी आहेत. पहिले ‘फीफी’. टेक्ससमधील कॉन्फेडरेट एअर फोर्स या हौशी संस्थेने ते मिळविले, काही आठवडे जागेवरच दुरुस्त केले आणि १९७१ च्या ऑगस्टमध्ये ते उडवीत हार्लिंजन येथे नेले. दुसरे ‘इट्स हॉग वाइल्ड’. ते १९८० मध्ये इंग्लंडमधील डक्सफर्डच्या संग्रहालयात पोचले. तिसऱ्या ‘डॉक’ची कथा दीर्घ आहे. हे विमान १९४५ मध्ये विचिटा येथे बांधले गेले, पुढे रडार-मापनाच्या तुकडीत राहिले आणि १९५६ मध्ये चायना लेकला आले. टोनी मॅझोलिनी यांना ते १९८७ मध्ये दिसले. नौदलाकडून ते मिळविण्यास एक दशकाहून अधिक काळ लागला. २००० मध्ये ते तुकड्यातुकड्यांनी विचिटास परतले आणि १७ जुलै २०१६ रोजी पुन्हा आकाशात गेले. स्वयंसेवकांनी त्यासाठी लाखो तास श्रम केले. युद्धकाळात याच विमानावर रिव्हेट मारण्याचे काम केलेली एक वृद्ध स्त्रीही त्यांत होती.

येथे एक विसंगती लक्षात येते. जगात आज उडू शकणारी बी-२९ विमाने दोनच, फीफी आणि डॉक. आणि या दोहोंपैकी एकानेही युद्धात भाग घेतलेला नाही. कोरियाच्या युद्धात प्रत्यक्ष लढलेले ‘हॉग वाइल्ड’ मात्र संग्रहालयाच्या छपराखाली स्थिर उभे आहे. विमानमेळ्यात फीफीकडे पाहणाऱ्याला आपण युद्धाचा अवशेष पाहत आहोत असे वाटते. वस्तुतः तो त्या जातीचा एक नमुना पाहत असतो. ९-१० मार्च १९४५ च्या रात्री टोकियो जाळणाऱ्या विमानांशी त्याचे नाते सजातीयत्वाचे आहे, साक्षीदाराचे नव्हे. नमुना आणि साक्षीदार यांत भेद न केल्यामुळे या विषयावरील लेखन भावविवश होते, आणि टोकियोचा उल्लेख त्यात अभावानेच आढळतो हेही नमूद केले पाहिजे.

नमुना म्हणून पाहिल्यास फीफीवरील पुष्कळसे आक्षेप गळून पडतात. मूळ इंजिने तापण्याबद्दल व पेट घेण्याबद्दल कुप्रसिद्ध होती. त्यांच्यामुळे २००६ मध्ये हे विमान जमिनीवर बसले आणि दोन निरनिराळ्या प्रकारांचे भाग एकत्र करून बनविलेली इंजिने बसविल्यानंतर २०१० मध्ये पुन्हा उडाले. अशी इंजिने १९४५ मधील कोणत्याही बी-२९ ला नव्हती. पाठचिकित्सेच्या परिभाषेत हा उघड प्रक्षेप होय. परंतु तो लपविलेला नाही, आणि त्याचे कारण वैमानिकांचा जीव हे आहे. हा देवालयाच्या धर्तीचा जीर्णोद्धार आहे आणि त्या कसोटीस तो उतरतो.

डॉकच्या बाबतीत प्रश्न अधिक बिकट होतो. हे विमान वाळवंटात सुमारे ४२ वर्षे उभे होते, म्हणजे सेवेत होते त्याच्या कितीतरी पट काळ. आज त्याचे पत्रे आरशासारखे चकाकतात आणि नाकावर १९५० नंतरच्या शांततापूर्ण कामगिरीतील बुटक्याचे चित्र आहे. लक्ष्य म्हणून घालविलेल्या काळाची खूण त्यावर उरलेली नाही. अलोइस रीग्ल याने १९०३ मध्ये स्मारकांच्या मूल्यांची जी मीमांसा केली, तीत वयाचे मूल्य आणि नवेपणाचे मूल्य ही परस्परविरोधी मानली आहेत, आणि सामान्य प्रेक्षकाचा ओढा दुसऱ्याकडे असतो असे दाखविले आहे. डॉक हे त्याचे ठळक उदाहरण होय. जीर्णोद्धार म्हणजे विध्वंसच, ही रस्किनची १८४९ मधील भूमिका येथे फारच टोकाची ठरेल. उडणाऱ्या यंत्रावर गंज ठेवता येत नाही. परंतु जेथे तर्क सुरू होतो तेथे पुनःस्थापना थांबली पाहिजे, हे १९६४ च्या व्हेनिस सनदेतील तत्त्व विमानांनाही लागू करावयास हरकत नसावी. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेने ‘फ्लॅक-बेट’ या दोनशेंहून अधिक मोहिमा केलेल्या विमानाचा मूळ रंग व ठिगळे तशीच जपण्याचे ठरविले. नॉर्वेतील सरोवरातून १९७३ मध्ये काढलेले हॅलिफॅक्स विमान लंडनजवळच्या हेंडन येथे पाण्यातून आले तशाच भग्न अवस्थेत मांडण्यात आले. ही दोन्ही विमाने उडत नाहीत, पण बोलतात.

सर्वांत गंभीर उदाहरण मात्र चाचणीक्षेत्राबाहेरचे आहे. जून १९४२ मध्ये डेनिस कॉपिंग हा ब्रिटिश वैमानिक इजिप्तच्या वाळवंटात किटीहॉक विमानासह उतरला व नाहीसा झाला. विमान २०१२ मध्ये सापडले. त्याच्याजवळ पॅराशूटचा केलेला आडोसा होता आणि विमानातील रेडिओ बाहेर काढलेला होता. वैमानिक उतरल्यानंतर जिवंत होता आणि त्याने मदत मागण्याचा प्रयत्न केला असावा, हे यावरून कळते. त्याचा देह सापडला नाही. विमान उचलून एल अलामीनच्या संग्रहालयात नेण्यात आले आणि २०१७ पर्यंत त्यास नवा रंग चढला. तो रंग व ती चिन्हे मूळ विमानाची नाहीत, असा आक्षेप जाणकारांनी घेतला. परंतु चुकीच्या रंगापेक्षा रंग देणे हीच अधिक मोठी चूक होती. त्या पत्र्यावरील प्रत्येक ओरखडा एका मनुष्याच्या अखेरच्या दिवसांचा कागद होता. लिबियातील ‘लेडी बी गुड’ या विमानाच्या बाबतीत क्रम उलट होता. १९५८ मध्ये ते हवेतून दिसले. त्यात पॅराशूट नाहीत यावरून माणसे आधीच उड्या टाकून गेली असे अनुमान झाले, आणि १९६० मध्ये नवांपैकी आठ जणांचे अवशेष मिळाले, एकाच्या रोजनिशीसह. तेथे अवशेष प्रथम वाचला गेला. हलविला गेला तो पुष्कळ नंतर, १९९४ मध्ये.

केवळ गरजेपोटी झालेल्या जीर्णोद्धाराचे उदाहरण भारतातही आहे. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूर येथे निकामी करून टाकलेली बी-२४ लिबरेटर विमाने हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याने १९४८ च्या सुमारास उडण्यायोग्य केली, आणि भारतीय वायुदलाने ती १९६८ पर्यंत वापरली. स्मृतीचा वा प्रदर्शनाचा प्रश्न त्या वेळी कोणाच्या मनातही नव्हता. पुढे त्यांतील काही ब्रिटन, कॅनडा व अमेरिका येथील संग्रहांत गेली. त्यांपैकी एक अमेरिकेतील एका प्रतिष्ठानाने उडण्यायोग्य केले. २००५ पासून त्यावर ‘विचक्राफ्ट’ हे युरोपात लढलेल्या दुसऱ्याच एका अमेरिकन विमानाचे नाव आहे. ब्रिटिश व भारतीय चिन्हांखाली त्याने केलेल्या सेवेची वर्षे त्या रंगाखाली झाकली गेली आहेत.